हिरव्या कार्डाचं गाव

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, जिल्हा लहान झाला की साहेब जवळ येतील. जिल्हा लहान झाला. साहेब होते तिथेच राहिले, त्यांच्या तपासण्या मात्र वाढल्या. गाव किती निरोगी आहे हे वरून मोजलं जाऊ लागलं, आणि मोजायला येणारा प्रत्येक जण आधी चहा घ्यायचा.

त्याच काळात मी महिलांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आले. मला एकच गोष्ट हवी होती. तळ्याच्या पाळीवर गावाची जुनी विहीर आहे, गोड पाण्याची. तिच्यावरून आमच्या टोलीपर्यंत, म्हणजे वस्तीपर्यंत, नळाची लाइन. टोली गावापासून दूर, आणि तिथे एकच बोरिंग. त्या हातपंपाचं पाणी सकाळी भरून ठेवलं की संध्याकाळी गुंडात, म्हणजे घागरीत, लाल दिसायचं. भात पिवळा पडायचा. धान पिकवणाऱ्या माणसाच्या ताटात पिवळा भात म्हणजे रोजचा अपमान, पण तोही सोसला असता. माझ्या लहान मुलीचं पोट दर पावसाळ्यात बिघडायचं, एकदा तर सलाईन लावावं लागलं. ते सोसवत नव्हतं.

तालुक्याचे साहेब म्हणाले, ताई, आता सगळं कार्डावर चालतं. पाण्याचा नमुना जुन्या जिल्ह्याला, भंडाऱ्याच्या प्रयोगशाळेत जाणार. पाणी चांगलं तर गावाला हिरवं कार्ड, बरं असेल तर पिवळं, धोक्याचं असेल तर लाल. लाल कार्डाच्या गावाला नळयोजना आधी.

मी हरखून गेले. आयुष्यात पहिल्यांदा नापास होऊन फायदा होणार होता, आणि नापास होण्याची आमच्या बोरिंगची पूर्ण तयारी होती.

नमुना घ्यायला आरोग्य खात्याचा माणूस आला तेव्हा मी पंचायतीच्या बैठकीत, आरोग्याच्याच विषयावर ठराव ऐकत बसले होते. तो आमच्या घरी खाटेवर टेकला. उन्हातून आलेला. बोरिंग अंगणातून दिसत होतं, पण उठायचा कंटाळा. माझ्या सासूच्या हातात बाटली दिली, आजी, जरा भरून आणा म्हणाला आणि तिथेच आडवा झाला.

मी घरी आले तेव्हा सासू खुशीत होती.

"सायेब आले होते वो. चांगले होते बिचारे. पानी मांगलं, तं का त्याइले बोरिंगचं लाल पानी देऊ? पाळीवरच्या विहिरीचं आनलं."

"आन बाटलीत?" मी विचारलं.

"बाटलीत बी तेच भरलं. भंडाऱ्याले जाऊन राहिली ना बाटली! असं घान पानी पाठवून गावाचं नाक कापाचं का?"

आमच्याकडे पाहुण्याला बोरिंगचं पाणी कोणी देत नाही. लेकीच्या सासरी तांदूळ पाठवायचा तर निवडून, पाखडून पाठवतात. तिने जिल्ह्यालाही सोयरा मानलं. मला तिचा राग आला, आणि भर उन्हात पाळीपर्यंत गेलेल्या तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून तो बोलताही येईना.

गावाला हिरवं कार्ड मिळालं. सरपंचांनी ते फ्रेम करून पंचायतीच्या भिंतीवर लावलं, हार घातला. मला म्हणाले, "बाई, सारा तालुका जळून राहिला आपल्यावर. तुमी कायले तोंड पाडून बसल्या?"

मी तालुक्याला गेले. सोबत बोरिंगचं पाणी नेलं, काचेच्या बाटलीत, म्हणजे रंग दिसावा. साहेबांनी ती दोन बोटांनी बाजूला सरकवली. "ताई, हे पाणी अधिकृत नाही."

"पण आम्ही हेच पितो."

"तुमचं गाव हिरवं आहे. लाल गावं रांगेत असताना हिरव्याला लाइन कशी देऊ? उलट तुमचं गाव आदर्श म्हणून वर कळवलंय. पाहणीला पथक येईल."

आदर्श! इतकं छान पाणी पिऊनही आम्ही आजारी पडतो, यात आमचाच काही खोडसाळपणा असावा, असा त्यांचा सूर होता.

पथक आलं. दोन गाड्या, साहेब, मोठे साहेब, मागे सरपंच. या वेळी मी सासूला बहिणीकडे धाडलं होतं. घरातले चांगले काचेचे पेले काढले, आदल्या दिवसाचं बोरिंगचं पाणी ओतलं आणि तबक पुढे धरलं. लालसर पाणी, तळाशी गाळ. म्हटलं, आता बोला.

मोठ्या साहेबांनी पेल्याकडे पाहिलं. नाकही मुरडलं नाही, मोठी माणसं सभ्य असतात. "नको, आत्ताच झालं," म्हणाले, आणि गाडीतून आणलेल्या सीलबंद बाटलीतून घोट घेतला. मग एकेकाने आपापली बाटली काढली. आमच्या अंगणात बसून, विकतचं पाणी पीत, त्यांनी आमच्या पाण्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

मी तोंड उघडणार, इतक्यात माझी मुलगी खेळून धापा टाकत आली. तहानलेली. कोणी काही म्हणायच्या आत तबकातला पेला उचलून तिने घटाघटा रिकामा केला, आणि दुसराही घेतला.

"बघा," मोठे साहेब कौतुकाने म्हणाले, "मुलं किती आवडीने पितात! हे लिहून घ्या."

शेजारी बसलेल्या साहेबांनी लिहून घेतलं. सरपंचांनी मान डोलावली. मी तिच्या हातातून पेला हिसकावला, तोवर तोही संपत आला होता. ती रडायला लागली, आणि लेकराला पाणीही पिऊ देत नाही म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या क्षणी ते तबक त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. आजही वाटतं.

पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात सलाईन लावून पडली होती. तालुक्याला त्याच दिवशी आमच्या गावाचा सत्कार होता, शाल-श्रीफळ, फोटो. मलाही बोलावणं आलं होतं. गाडी पाठवतो म्हणाले. मी सांगितलं, गाडी पाठवाच, पण दवाखान्यात पाठवा, तिथे आदर्श गाव झोपलंय.

गाडी आली नाही.