आबांचं दुसरं बारसं

आपल्या आईबापाचं लग्न डोळ्यांनी बघितलेली माणसं फार नसतील. मी बघितलंय, तेही मांडवात सगळ्यात पुढे बसून. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन.

आमचं गाव होटगीजवळ. समुद्र म्हणून काही असतो, यावर गावातल्या निम्म्या लोकांचा विश्वास नव्हता. तरी माझे वडील जर्मनच्या लढाईत इंग्रज सरकारच्या आरमारात भरती झाले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. जहाजाच्या पोटात भट्टी असते, तिच्यात कोळसा टाकायचं त्यांचं काम. अधूनमधून कुणाच्या तरी हाती खुशाली यायची, मग तीही थांबली. एके दिवशी होटगी स्टेशनवर उतरलेला एक शिपाई चुलत्यांना म्हणाला, "तुमच्या भावाचं जहाज बुडालं. मी ह्या डोळ्यांनी बघितलं." चुलत्यांनी बरीच वाट बघितली आणि शेवटी भटजींना विचारलं. देह नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तेरावं घातलं. आईने बांगड्या फोडल्या.

आणि लढाई संपल्यावर आबा चालत घरी आले. दुसऱ्या जहाजाने त्यांना पाण्यातून उचललं होतं, मग ते बसऱ्याच्या इस्पितळात कितीतरी दिवस पडून होते. आई किंचाळली नाही, रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि थोरल्या जावेला म्हणाली, "अक्का, तुमाला बी दिसत्यात न्हवं?"

ज्याचं तेरावं झालं त्याला जिवंत कसं धरायचं? भटजींकडे त्यालाही तोड होती. माणसाला पुन्हा जन्माला घालायचं! भल्यामोठ्या मिशांच्या आबांना तूप लावून न्हाऊ घातलं, धडुत्यात गुंडाळलं. त्यांच्या म्हाताऱ्या आत्याने कानात कुर्र करून तेच जुनं नाव पुन्हा ठेवलं. "लई मोटं प्वार हाय की!" कुणीतरी म्हणालं आणि सगळं अंगण हसलं. आबाही हसले. हे सगळे सोपस्कार त्यांनी मुकाट्याने करून घेतले, कारण त्याशिवाय आईला कुंकू लावता येणार नव्हतं. मग त्या दोघांचं पुन्हा लग्न लागलं. ती आत्या पुढे कैक वर्षं मला चिडवायची, "तुजा बा तुज्यापेक्षा ल्हान गं!" मला ते खरंच वाटायचं.

आई मात्र त्या दिवशी हसली नाही. बाईला तेच कुंकू दोनदा लावायला लागावं, यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मलाही नंतर कळलं.

पुढे आम्ही सोलापुरात आलो. आबांना गिरणीच्या बॉयलरवर काम मिळालं. पुन्हा भट्टी, पुन्हा कोळसा. घरी आले की जहाजावरच्या सवयीने स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, गुडघ्यांवर बसून खोलीची फरशी घासायचे. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आबांना त्याचं काही नव्हतं. आम्हा चारही भावंडांना, पोरींनासुद्धा, त्यांनी शाळेत घातलं. गिरणीचा भोंगा झाला की आई उंबऱ्यात येऊन उभी राहायची. हे ठाऊक असल्याने आबा वाटेत चहालासुद्धा थांबत नसत. ते आले की ती त्यांचं मनगट धरायची, क्षणभरच, आणि मग भाकरी थापायला आत जायची.

"आता जाईन ते तुज्या डोळ्यांदेखत," आबा तिला म्हणायचे. ती म्हणायची, "असलं बोलू नगा."

कोळशाने अखेर त्यांची छाती धरली. खोकल्यातून रक्त यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेच्या दूरच्या दवाखान्यात काही महिने ठेवा, माणूस वाचेल. आम्ही हातापाया पडलो. आईसुद्धा म्हणाली, "जावा की." आबांनी तिच्याकडे बघितलं.

"तितनं माजी खबर तुला कोन सांगणार? पुन्ना कुनीतरी परका येऊन सांगंल आन् तू हितं पुन्ना वाट बघत बसशील. न्हाय जायाचं मला."

मला फार राग आला होता. गेले असते तर आणखी जगले असते, असं मला आजही वाटतं. का गेले नाहीत, तेही कळतं. दोन्हींनी सारखंच रडू येतं.

एका सकाळी आईच्या मांडीवर त्यांचा श्वास थांबला. चुलते गावाहून आले, पुरुषांनी अंगणात तिरडी बांधली. आई उठेना. तिने त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. कोपरावरचा भाजल्याचा डाग बोटाने चाचपला. नखांतला कोळसा, टाचांच्या भेगा, सगळं सावकाश बघितलं. ऊन चढत चाललं होतं. बायका तिला उठवायला पुढे झाल्या, तिने त्यांचे हात बाजूला सारले. चुलते दारातून हळूच म्हणाले, "बाई, येळ व्हायला लागला."

"थांबा जरा," ती म्हणाली. पुन्हा एकदा तिने त्यांचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं आणि किती तरी वेळ बघत राहिली. मग पदर सावरून बाजूला झाली.

"न्या आता. ह्येच हायती."