हिरवा थेंब

तेलीबाग वस्तीतला तो मेकॅनिक कुठल्याही गाडीचा रेडिएटर उघडण्याआधी गॅरेजभोवतीच्या कुत्र्यांच्या पातेल्यात ताजं पाणी भरायचा. मग इंजिन थंड ठेवणारं कूलंट काढायचा आणि सांडलेला हिरवा थेंबन्‌थेंब पुसून वर माती टाकायचा. मला लष्करी छावणीतल्या घरी परतायची घाई. एकदा वैतागून म्हटलं, "भैया, पहले गाड़ी देखो ना!"

पुसता पुसताच तो म्हणाला, "मैडम, यह ज़हर मीठा होता है. मेरी कुतिया ने मेरे सामने चाटा था. मुझे लगा, पानी पी रही है. मैं उसे पुचकारता रहा. तीसरे दिन मर गई."

निघताना चाकाजवळ एक हिरवा थेंब चमकला. मी गाडी बंद केली, खाली उतरले आणि त्याच्याकडे फडकं मागितलं.