पायडल धरणारे बूट

डोंगरातल्या वस्तीकडं जाताना मी सायकलवरून पडले, तेव्हा माझ्या पायात काळी चामडी चप्पल होती. नर्सची नोकरी लागली म्हणून आईनं हौसेनं घेऊन दिलेली. चढ निम्मा झाला होता. मी पायडलवर उभी राहून जोर लावत होते आणि उजवी चप्पल सटकन निसटली. पायडल गरकन फिरून नडगीवर आदळलं. सायकल एकीकडं, मी एकीकडं, आणि कॅरियरला बांधलेला लसीचा डबा उताराला घरंगळत निघाला.

तो काठी आडवी घालून थांबवला एका धनगर म्हातारीनं. ती मेंढरं घेऊन वरून येत होती. डबा उचलून तिनं माझ्याजवळ ठेवला, माझ्या नडगीकडं बघितलं, मग पायातल्या चपलेकडं.

"बाई, ही काय घातलीस? ही लग्नात मिरवायची चप्पल हाय. डोंगरात नाय चालत ही."

"मी सायकलवर असते मावशी. चालतंय."

"दिसलं की किती चालतंय ते."

तिनं पाटीतला कसला तरी पाला चुरगळून जखमेवर दाबला. माझ्याजवळ पेटीत औषध होतं, पण तिला अडवावंसं वाटलं नाही. मग तिनं मला पाणी दिलं. ओंजळ करायला सांगितली आणि वरून ओतलं. ती मला पुढं कितीतरी वर्षं भेटत राहिली, माझ्यावर तिचा जीव होता हे मी आजही सांगेन. पाणी मात्र तिनं नेहमी वरूनच ओतलं.

माझं उपकेंद्र खुलताबादच्या पुढं एका खेड्यात होतं. त्याच्याखाली पाच वस्त्या, सगळ्या डोंगराच्या अंगाला. एसटी गावापर्यंत यायची, पुढं मुरमाची वाट. चालत गेलं तर दोन वस्त्यांत दिवस संपायचा आणि डब्यातला बर्फ वितळून जायचा. म्हणून मी जुनी लेडीज सायकल घेतली होती. गावात सायकल चालवणारी बाई मी एकटीच. पायडलचे रबर दगडांवर आपटून केव्हाच फुटले होते, नुसत्या लोखंडी पट्ट्या उरलेल्या. पावसात त्या साबणासारख्या व्हायच्या.

आम्ही उस्मानपुऱ्यात राहायचो. वडील मूळचे वैजापूरकडच्या खेड्यातले. शहरात येऊन त्यांनी बरीच वर्षं मिळेल ते काम केलं आणि वाळूजला कारखाने उभे राहायला लागले तसे रबराचे लहानसहान भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. रोज सायकलनं जायचे यायचे. विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा वर्षानुवर्षं चालू होता. नामांतराचा ठराव झाला तेव्हा खेड्यापाड्यांत आमच्या लोकांची घरं जळाली, त्यात माझ्या चुलत्याचंही गेलं. कारखान्यातली पाळी सांभाळून वडील मोर्चांना जायचे. घरी आले की घोषणा देऊन देऊन आवाज बसलेला असायचा.

रविवारी मी घरी गेले. आईनं नडगी बघून तोंडाला पदर लावला. वडिलांनी जखम एकदा बघितली आणि चप्पल हातात घेऊन उलटी केली.

"हे बघ," ते म्हणाले, "तळ कसा झालाय. आरशावानी. लोखंडाला धरायला हिला काय हाय?"

"मग पायडल नवीन बसवते, रबराचं."

"रबरावर रबर, अन् मधी पाणी. आणखी निसटशील. पायडल दात्याचं बसवू, लोखंडाचं. पण मग बूट पायजे. मऊ तळाचा."

जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःची सायकल आडवी पाडली आणि पाना घेऊन एक पायडल खोलायला बसले. त्यांच्या सायकलला दात्याचं पायडल होतं. ते त्यांनी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "चल."

पैठण गेटाजवळच्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदारानं आधी माझ्यासमोर पट्ट्यांच्या सँडल मांडल्या. वडिलांनी त्या बाजूला सारल्या आणि पिशवीतलं तेलकट पायडल काउंटरवर ठेवलं.

दुकानदार दचकला. "चाचा, ये क्या है?"

"पायडल. ह्याच्यावर जो बूट बसेल तो द्या."

"लेडीज में ऐसा माल नहीं आता, चाचा."

"मग जेन्ट्समधी दाखवा. लहान नंबर."

पुढचा तासभर मला फार लाज वाटली. वडील प्रत्येक बूट उलटा करायचे, अंगठ्याचं नख तळात रुतवायचे, मग बूट पायडलवर दाबून पुढं मागं घासायचे. कॅनव्हासचा पांढरा बूट पायडलला छान धरत होता. पण तळ इतका पातळ की मी त्यावर उभी राहिले तर दाते तळपायाला टोचत होते. "अर्ध्या दिवसात पाय सुजंल," ते म्हणाले. कारखान्यातले कामगार घालतात तसला जाड बूट आला. त्याचं रबर कडक, नख रुततच नव्हतं, टाचही उंच. "हा धा वर्षं टिकंल. पण पायडल कुठं हाय ते पायाला कळनार नाय. अन् ओल्यात निसटनार." प्लॅस्टिकचा एक बूट तर त्यांनी हातात घेऊन लगेच परत दिला.

"मऊ असंल तर धरतंय, पण झिजतंय लवकर," दुकानदाराला नव्हे, मलाच ते समजावत होते. "कडक असंल तर टिकतंय, पण धरत नाय. आमच्याकडं मालात दोन्हीच्या मधलं साधावं लागतंय. ते साधनं सोपं नाय."

शेवटी दुकानदारच वैतागून माळ्यावर चढला आणि धुळीनं माखलेली एक पेटी घेऊन आला. खाकी कॅनव्हासचे, घोट्यापर्यंत येणारे बूट होते, पोलीस भरतीची पोरं कवायतीला घालतात तसले. नंबर लहान म्हणून विकले गेले नव्हते. तळ सपाट, टाच वेगळी नाही, खाली बारीक चौकटींची नक्षी. वडिलांनी नख लावलं. रुतलं आणि सावकाश भरून आलं. पायडलवर दाबून घासलं, हललं नाही. बूट वाकवून बघितला, पुढचा भाग वाकला, मधला वाकत नव्हता.

"घाल," ते म्हणाले.

पांढऱ्या साडीखाली ते खाकी बूट मी आरशात बघितले आणि दुकानदाराकडं बघायचं टाळलं. तो मात्र हसला नाही. "बेटी, पाव सलामत तो सब सलामत," एवढं बोलून त्यानं पेटी बांधली.

वाटेत वडील एका मोच्यापाशी थांबले आणि बुटाच्या नाकाशी, जिथं तळ पहिल्यांदा उकलतो तिथं, दोन टाके घालून घेतले. मोची खिळा मारायला निघाला तर त्याचा हात धरला. खिळा लोखंडावर घसरतो म्हणून. टाके पडेपर्यंत आम्ही शेजारच्या एका पारावर बसलो होतो. तिथं त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी, गावच्या चावडीपुढून जायचं असलं की त्यांचा बाप वहाणा काढून हातात घ्यायचा. पलीकडं गेल्यावर पुन्हा पायात.

"मी विचारलं, का काढतो? तर म्हनला, चिखल लागतो. उन्हाळ्यात, बरं का. चिखल म्हनं." त्यांनी मोच्याच्या हातातल्या बुटाकडं बोट केलं. "तू पायातनं काढू नको. काय बी होऊ दे."

मी मान हलवली. पण त्या वेळी मला आठवलं ते वेगळंच. माझ्या गावात मारुतीच्या पाराशी आणि चावडीशी मी रोज सायकलवरून उतरत होते. हातात धरून पन्नास पावलं चालत न्यायची आणि पुढं जाऊन पुन्हा बसायची. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी पारावर माणसं बसलेली बघून मी उतरले होते आणि तेच चालू राहिलं. वडिलांना हे मी सांगितलं नाही.

सायकलला दात्याचं पायडल बसवून, नवे बूट घालून गेले त्या पहिल्या सोमवारीही मी उतरले. पारावरून कोणीतरी म्हणालं, "सिस्टर मिलिटरीत भरती झाल्या जणू." लोक हसले, मीही हसले. चढावर मात्र मला पहिल्यांदा कळलं की आतापर्यंत निम्मी ताकद मी पाय पायडलवर ठेवण्यातच घालवत होते. बुटाच्या तळात दाते रुतून बसायचे. उभी राहून जोर लावला तरी पाय हलायचा नाही. ज्या ओढ्यापाशी मी नेहमी सायकल ढकलत न्यायची, तो मी बसूनच पार केला आणि वर गेल्यावर एकटीच हसत सुटले.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पुन्हा पेटला. शहरात बंद झाला, एसटीवर दगड पडले. गावात मला कोणी काही बोललं नाही, पण उपकेंद्रात येणाऱ्या बायका कमी झाल्या. आल्या तरी घाईत असायच्या. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सांगितलं, चार दिवस फिरती नको. पण वरच्या वस्तीवर गोवराचे दोन रुग्ण निघाले होते, लस आलेली होती आणि बर्फ काही थांबत नाही. मी निघाले.

पारापाशी सात-आठ जण उभे होते. बसलेले नव्हते, उभे. मी लांबूनच बघितलं आणि सवयीनं ब्रेक दाबला. वेग कमी झाला. एक पाय खाली टेकायला निघाला होता, तेवढ्यात त्यांच्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला, "उतरून जा, बाई. आज तरी."

तो हे बोलला नसता तर मी उतरलेच असते. हे मी प्रामाणिकपणानं सांगते. पण कानावर ते शब्द पडले आणि माझा पाय पायडलवरच राहिला.

"लस हाय डब्यात," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "बर्फ वितळतोय. उतरायला वेळ नाय."

"ऐकलं का, काय म्हनलो?"

"ऐकलं, काका. वर गोवर आलाय."

मी पायडल मारलं. सायकल इतकी हळू होती की ती डगमगत होती. कोणी आडवं आलं नाही. कोणी बाजूलाही झालं नाही. मीच त्यांना वळसा घालून गेले. मागून कोणीतरी काहीतरी बोललं, ते मला कळलं नाही. ओढा ओलांडल्यावर मी सायकल थांबवली आणि बाभळीला धरून उभी राहिले. वरती त्या दिवशी एकोणीस पोरांना लस दिली. परत येताना पारावर कोणी नव्हतं.

तो वयस्कर माणूस पुढं माझ्याशी कधीच बोलला नाही. त्याची सून मात्र नातवाला घेऊन लस टोचून घ्यायला यायची.

रविवारी घरी जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांची छाती फुगेल. ते जेवत होते. घास ताटात ठेवून म्हणाले, "खालच्या शेतातनं वाट नव्हती का?"

"होती. लांबची."

"मग तिकडनं जायचं."

"तुम्हीच म्हणालात, काढू नको म्हणून."

"बूट म्हनलो मी! जिवाचं नाय म्हनलो!" ते ओरडले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सात जन उभे हायत अन् तू एकटी. बूट मी तुला पडू नये म्हनून घेऊन दिले."

"मग पडले का मी?"

ते ताटावरून उठले. मी रागानं दुपारच्याच एसटीनं परत गेले. जो माणूस मोर्चात पुढं चालतो, त्यानं मला शेतातून लपत जायला सांगावं, हे मला सहन झालं नाही. तीन रविवार मी घरी गेले नाही. आज माझी मुलगी स्वतःची गाडी घेऊन कुठंकुठं जाते, तेव्हा त्यांच्या हातातला तो घास मला दिसतो.

चौथ्या रविवारी सकाळच्या एसटीतून वडील उतरले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात कारखान्याचे बूट. "वाट दाखव," एवढंच बोलले. मी सायकल घेतली आणि आम्ही दोघं चालत निघालो. पारावर तीन-चार म्हातारे होते. वडिलांची चाल मंदावली नाही, पण त्यांचा श्वास बदललेला मला ऐकू आला.

"पाव्हनं कुठलं?" एकानं विचारलं.

"सिस्टरचा बाप."

"बसा की मग."

"नाय. पोरगी चढ कसा चढती ते बघायचंय."

डोंगराच्या पायथ्याशी ते एका दगडावर बसले. मी सायकलवर बसले आणि ओढ्यापासून वरच्या खिंडीपर्यंत, न थांबता, एका दमात चढले. तिथून ते लहानसे दिसत होते, कपाळावर हात धरून वर बघत. मी उतरून खाली आले तर जागचे उठले, माझ्या बुटांकडं वाकून बघितलं.

"चढाला टाच टेकवतीस तू पायडलवर," ते म्हणाले. "पंज्याकडचा भाग ठेव. तळ तिथं जाड हाय. पुन्हा जा बघू."

मी पुन्हा गेले.