बोडख्याच्या माथ्यावरून त्रिशंकू

चैत्र लागला आणि अक्कानं मला सांगितलं. विचारलं नाही.

"अमावास्येला जाऊ. चंद्र नसेल. पुढच्या चैत्रात मला दिसेल न दिसेल."

अक्का माझी थोरली बहीण. अमरावतीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. दक्षिणेकडच्या ताऱ्यांचा धडा आला की फळ्यावर त्रिशंकू काढते, पतंगाच्या चार टोकांसारखे चार ठिपके. वर्षानुवर्षं काढते आहे. खरा त्रिशंकू तिनं कधी पाहिला नव्हता. आमच्या भागातून तो दिसतो, पण क्षितिजाला जवळजवळ टेकलेला. आमच्या घराच्या दक्षिणेला मोठी चिंच आहे, शाळेच्या दक्षिणेला कचेरी. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा डोळा जवळजवळ गेला. डाव्यावर पावसाळ्यानंतर शस्त्रक्रिया करायची आहे आणि डॉक्टरांनी हमी दिलेली नाही.

जागा मंगरूळपीरच्या एका स्नेह्यानं सुचवली. त्यांच्या गावाच्या पूर्वेला बोडखा नावाचा डोंगर आहे. माथ्यावर झुडूपसुद्धा नाही, चारी दिशा मोकळ्या. "तिथं पाहायला कोणी जात नाही," ते म्हणाले. ते ऐकून अक्कानं सतरंजी बांधायला घेतली.

मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी, तिथून कारंज्यापर्यंत लहान रुळांची. हंगाम संपला होता, पण रुळांकडेच्या बाभळींच्या काट्यांना बैलबंड्यांतून उडालेला कापूस अजून चिकटून होता. अक्कानं विचारलं, "त्या झाडांना फुलं आली आहेत का?" मी कापूस म्हणालो.

कारंज्याहून मंगरूळपीरला मोटार जाते. भाडं आधी ठरवावं आणि पुढची जागा मागावी. मागं बसलेल्या माणसाचा उतरताना धुळीनं रंग ओळखता येत नाही. मंगरूळपीरला आम्ही दर्ग्याजवळच्या धर्मशाळेत राहिलो. जागा स्वच्छ आहे, विहीर गोड्या पाण्याची आहे. पहाटे निघायचं म्हणून बैलगाडी रात्रीच ठरवली. पोहरादेवीची यात्रा उरकली होती. रामनवमीच्या दिवसांत या बाजूला गाडी मिळत नाही.

गाडीवान किसना चाळिशीचा, बोलका.

"बाई, वरतं काय हाये पाहाले? दगड हाये निस्ता."

"तारे पाहायचे आहेत."

"तारे तं धर्मशाळेतूनबी दिसते."

"दक्षिणेचे. अगदी खालचे."

किसनानं बैलांना चुचकारलं. "दक्षिणेले माह्या बायकोचं माहेर हाये," तो म्हणाला. "तिकडलं जितकं कमी दिसन तितकं बरं."

रस्ता धुळीचा आहे, पण सपाट. दोन्हीकडे वखरून ठेवलेली काळी शेतं, मधूनच मोह. ऊन चढण्याआधी आम्ही पायथ्याच्या गावात पोचलो. बोडखा तोवर दिसत नाही. शेवटच्या घराला वळसा घातला की एकदम समोर येतो.

एकच काळा दगड, घुमटासारखा. त्याला शिखर नाही, सुळका नाही, कुठं कोपरा नाही. मी डोंगर पुष्कळ पाहिले. इतकं कमी असलेला डोंगर पाहिला नव्हता. अक्कानं जवळ जाऊन त्यावर हात फिरवला.

"ग्रॅनाइटचे घुमट असतात असे, खाली कर्नाटकात," ती म्हणाली. "हा आपला साधा काळा दगड. पण सुटतो बघ कसा, कांद्यासारखा." तिच्या नखाखाली एक पातळ पापुद्रा हलत होता.

गावच्या पाटलांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. चिंचेखाली गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजले होते. ते फोडून त्यांत तूप सोडलं, वर वांग्याची भाजी. पैशाचं नाव काढू दिलं नाही. या गावात जाणाऱ्यांनी रोडग्यांना नाही म्हणू नये, आणि दोनाच्या पुढं जाऊ नये, चढ आहे.

"रात्री वरतं ऱ्हानार?" पाटलांनी विचारलं. "दोघंच?"

"दोघंच," मी म्हणालो.

"अंधारात?"

"अंधारच पाहिजे," अक्का म्हणाली.

पाटील हसले. शहरच्या बाईनं संकोचानं असं म्हटलं, असं त्यांना वाटलं असावं. ते रात्री कळलं.

चढायला उन्हं कलल्यावर निघावं. त्याआधी दगड पाय ठेवू देत नाही. वाट गावाच्या बाजूनं, म्हणजे उत्तरेकडून आहे. चपला काढाव्या, अनवाणी पाय दगडाला धरून राहतो. किसना पाण्याची घागर घेऊन पुढं होता. मी अक्काचा हात धरला होता. अर्ध्या चढावर तिनं तो सोडवून घेतला.

माथा अंगणाएवढा आहे. तिथून दिसलं ते मी इथं फार लिहीत नाही. खाली शेतं, त्यांत नखाएवढी गावं, आणि सगळीकडून सारखंच दूर असलेलं क्षितिज. आम्ही सतरंजी अंथरली. दगड दिवसभराचं ऊन परत देत होता. किसना पाटलांना निरोप सांगायला म्हणून उतरला.

तारे येऊ लागले. आधी मोठे, मग त्यांच्यामधले, मग जागाच उरली नाही. अक्का पाठ टेकून पडली होती. तिला मोठेच दिसत होते, पण ती ओळीनं नावं घेत होती. "दक्षिणेला अजून धूळ आहे," मी सांगितलं. "बसेल," ती म्हणाली. "जेवणं आटपायच्या सुमाराला तो सरळ उभा राहतो. मग कलंडतो. तेवढ्यात पाहायचं."

तेवढ्यात उत्तरेच्या बाजूनं उजेड वर आला.

किसनाच्या डोक्यावर गॅसबत्ती होती. मागं पाटील, आणि त्यांच्या मागं गाव. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. बसायला पोती आणली होती. बत्ती माथ्यावर मधोमध ठेवली गेली. तिच्या सुंसुं आवाजाखेरीज काही ऐकू येईना आणि पांढऱ्या उजेडाखेरीज काही दिसेना. आकाश गेलं.

"पाव्हन्यायले अंधारात ठेवलं तं गावाची काय इज्जत राह्यली?" पाटील म्हणाले. "पोरीच्या लग्नात आनली व्हती. आसपासच्या गावायत एकच हाये."

पारबताबाई नावाच्या एका म्हातारीनं अक्कासमोर पोतं पसरलं. "कवा सुरू होते?"

"काय?"

"कीर्तन. बत्ती वरतं चालली तं आमी म्हनलं, बाई कीर्तनवाल्या असतीन."

बत्ती निघाली म्हणजे कार्यक्रम असलाच पाहिजे, त्याशिवाय कोण तेल जाळतो? त्यांचं काही चुकलं नव्हतं. अक्कानं डोळ्यांवर हात धरला होता. मोतीबिंदूच्या डोळ्यात असा उजेड शिरला की सगळं दूध होतं, असं ती सांगत असे. मी पाटलांना बाजूला घेऊन बत्ती विझवायला सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "लग्नातला दिवा हाये, भाऊ. इझवा म्हनता?" मग जरा थांबून, "अन् इझवली तं जाळी गळन, परत पेटनार नाही. मंग हे लोक उतरतीन कसे?"

दोन्ही म्हणणी खरी होती. दक्षिणेची धूळ बसत होती.

अक्का उठली. उजेडाकडे पाठ करून तिनं पायानं दगडाचा उतार चाचपला.

"पाटील, विझवू नका," ती म्हणाली. "आलात त्या वाटेनं चार पावलं खाली न्या. दगडाच्या पलीकडं."

किसनानं बत्ती उचलली. तो उतरू लागला तसा उजेड आमच्या पायांशी आला, मग दगडाच्या कडेला, मग नुसती कडच उजळलेली राहिली. बोडख्यानं दिवा पाठीशी घातला. वाटेवर उजेड होता, माथ्यावर अंधार. आणि आकाश सावकाश परत आलं.

कोणी उठलं नाही. कार्यक्रम तर व्हायचाच होता. तेव्हा अक्कानं त्यांना राजा त्रिशंकूची गोष्ट सांगितली: देहासकट स्वर्गाला निघालेला, वरून ढकललेला, ऋषीनं मध्येच थोपवलेला.

"ना वरतं ना खाल्तं," पाटील म्हणाले.

"घरजवाई," अंधारातून पारबताबाई म्हणाल्या. हसणं थांबायला वेळ लागला. वाटेवरून किसनाही हसला. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"हस्त कोणाला दिसतोय?" अक्कानं विचारलं. "चित्रेच्या उजवीकडं, हाताच्या पंजासारखा."

"हत्ती? थे तं पान्याचं नक्षत्र. वरतं दिसते का थे?"

मी दाखवला. अक्कानं माझं बोट धरून आपला हात तिकडे नेला, आणि मग एकटीनंच तो सरळ खाली आणला. अगदी खाली, क्षितिजाच्या हातभर वर, आणि तिथं थांबवला.

"इथं."

तो तिथंच होता. सरळ उभा, मी कल्पिला होता त्याहून लहान. एक-एक जण "दिसला" म्हणू लागला. पारबताबाई अक्काजवळ सरकल्या.

"तुमाले दिसला का, बाई?"

अक्का बराच वेळ पाहत होती. "दोन दिसतात," ती म्हणाली.

"आमाले चार दिसून राह्यले."

"मग चारच आहेत."

"वरचा लाल हाये," पाटील म्हणाले.

"लाल?"

"इस्तवासारखा. बाकीचे पांढरे."

अक्का त्यांच्याकडे वळली. "पुस्तकात आहे तसं," ती म्हणाली. "मी विसरले होते."

तो कलंडेपर्यंत लोक बसले. मग पोती झटकून बत्तीच्या मागं उतरले. बराच वेळ ती रांग डोंगराच्या अंगावरून खाली जाताना दिसत होती. आम्ही पहाटेपर्यंत राहिलो. उजाडल्यावर दगड थंड झाला होता. जाणाऱ्यांनी पांघरूण न्यावं. आणि अंधार हवा असेल, तर आधी पाटलांना नीट समजावून सांगावं. मी पुन्हा गेलो तर मात्र सांगणार नाही.

परतताना अक्का गाडीत झोपली. घरी आल्यावर मी विचारलं, दोनच दिसले याचं वाईट वाटतं का. "इतकी वर्षं एकही दिसला नव्हता," ती म्हणाली, आणि सतरंजी वाळत घालायला घेतली.

आता शाळा सुरू झाली आहे. मी तिला वर्गापर्यंत सोडायला जातो. परवा दाराशी थांबलो. दक्षिणेच्या ताऱ्यांचा धडा होता. दर वर्षी ती त्रिशंकू फळ्याच्या मधोमध काढत असे. या वेळी तिनं वाकून फळ्याच्या तळाशी एक आडवी, घुमटासारखी रेघ ओढली आणि तिच्या लगेच वर तीन पांढरे ठिपके दिले. मग डबीतून लाल खडू शोधून चौथा.

मागच्या बाकांवरच्या मुलींना काही दिसेना. त्या उभ्या राहिल्या. अक्कानं त्यांना बसा म्हटलं नाही.