अठरा दिवसांचं औषध

मी एकदा बाभळीच्या सालीने कॅन्सर बरा केला होता. अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी कोंबडीच्या एका अंड्याने माझा निकाल लावला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोन पोरं झाल्यावर मी नागपुरात पुन्हा संशोधनाला लागले होते. पांढरा कोट अंगावर चढला की वाटायचं, आपण चालतो तेव्हा लोक आपोआप बाजूला होतात. होत नसत. विषय होता कायनेज. पेशीतली ही विकरं दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतात आणि त्यांना कामाला लावतात. कॅन्सरच्या काही पेशींत असं एखादं कायनेज थांबायचंच विसरतं, हे तेव्हा नुकतं कळू लागलं होतं. त्याला अडवणारं रसायन मिळालं तर औषध मिळालं, अशी आशा बऱ्याच जणांना होती. मला खात्रीच होती.

सकाळी मटणबाजारातून बकऱ्याचा मेंदू बर्फात घालून आणायचा, वाटायचा, त्यातून कायनेज काढायचं. मुंबईहून शिशाच्या डबीत किरणोत्सारी फॉस्फरस यायचा. दोन आठवड्यांत त्याची ताकद निम्मी होई, म्हणून सगळं घाईघाईत. प्रथिनाला जितका फॉस्फरस चिकटेल, तितका यंत्रावरचा आकडा मोठा. मी झाडपाल्याचे अर्क घालून तो आकडा पडतो का पाहायचे. तुळस, कडुनिंब, अडुळसा झाला, आकडा ढिम्म. मग माझ्या मोठ्या जाऊबाईंनी नागपूरजवळच्या हुडकेश्वरहून स्वतःच्या बांधावरची बाभळीची साल पिशवीभर पाठवली, आणि आकडा धाडकन खाली. पुन्हा केलं, पुन्हा खाली.

माझे मार्गदर्शक सर परगावी होते. ते येईपर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण त्याच रविवारी मी बसने हुडकेश्वर गाठलं, हातात संत्रा बर्फीचा पुडा घेऊन.

जाऊबाईंचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि किरणांचा शेक चालू होता. कातडी भाजून निघायची, घास तोंडात फिरायचा, रोज दवाखान्यातली रांग. साल लागू पडली, हे ऐकून त्यांनी बर्फी हातातच धरून ठेवली.

"माह्या बांधावरची साल?" दोनदा विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "मंग शेकाले जाणं बंद करू काय वं?"

"थोडे दिवस शेक थांबवून पाहा, बाई."

हे मी म्हणाले. नवं औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी त्याची वर्षानुवर्षं परीक्षा घेतात, हे मला माहीत होतं. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्या काढा करून पिऊ लागल्या आणि मी त्यांना अडवलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारे एक मामा होते, निवृत्तीला आलेले. एकोणिसाव्या दिवशी मी त्यांना पडलेले आकडे दाखवत होते, कारण दाखवायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. मामांनी तोंडातला खर्रा आधी बाहेर जाऊन थुंकला, परत आले.

"ताई, ह्या सालीनं तं आमच्या गावात कातडं कमवत. हौदात टाकत. ढोराचं कातडं धरते ते, तुमच्या मेंदूच्या पाण्याले काहून सोडन?"

मी हसायला गेले आणि निम्म्यात थांबले. कॅन्टीनमधून एक अंडं आणलं, पांढरं पाण्यात कालवलं आणि त्यात अर्क ओतला. नासलेल्या दुधासारख्या गाठी तळाशी बसल्या. अंड्याला ना कॅन्सर, ना बेबंद कायनेज. सालीतलं टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला मिठी मारत होतं. दुसरं कुठलंही प्रथिन ठेवून एकदा पडताळायचं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. मीच शिकवत होते.

आता नेमक्या कायनेजला धरणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या निघायला इतकी वर्षं का लागली, असं नात विचारते तेव्हा मला ते अंडं दिसतं. अडवणारं काय, बाभळीवरही मिळतं. शेकडो सारख्या तोंडवळ्याच्या कायनेजांतून ज्याचा दोष आहे त्यालाच गाठायचं आणि बाकीच्यांना आपापलं काम करू द्यायचं, सगळा जीव तिथे लागतो.

त्या दुपारी मी कोट काढायचीही विसरले. हुडकेश्वरला पोचले तेव्हा जाऊबाई ओट्यावर काढ्याचा पेला घेऊन बसल्या होत्या.

"एवढ्या उन्हात काहून आली वं?"

"बाई, माझं चुकलं. ती साल औषध नाही. ती सगळ्यालाच धरते, अंड्यालासुद्धा. शेक बंद करायला सांगायचा मला काही अधिकार नव्हता."

पदराखालची भाजलेली जागा अठरा दिवसांत थोडी भरून आली होती. त्यांचा हात तिथे गेला आणि परत आला. पुढची अकरा वर्षं त्या माझ्याशी भांडायला उरल्या, ते त्या शेकांमुळे आणि मामांमुळे. माझ्यामुळे नव्हे. पण ते तेव्हा कोणाला माहीत होतं? मी नुसती उभी होते, घामाने कोट पाठीला चिकटलेला.

मग त्यांनी पेल्यातला काढा तोंडात घेतला, खळखळून चूळ भरली, अंगणात थुंकल्या आणि दातांवरून जीभ फिरवली.

"दात तं पक्के झाले वं माहे. आता रिक्षा आण, अन् अठरा दिवस मी काहून नाही आली, ते डॉक्टरले तूच सांगजो."