उद्याचा चहा कुठे?

शिक्का उचलण्याआधी नोटरीबाई खोली रिकामी करत. "ज्यांची सही आहे ते बसतील, बाकीचे बाहेर," म्हणत स्वतः उठून दार लावत. मुलगा, जावई, वकील, कुणीही असो. बोरिवलीच्या त्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानापाशी जाऊन उभं राहावं लागे. मग आत बसलेल्या माणसाला बाई एकच प्रश्न विचारत: "हा कागद झाला, की उद्या सकाळचा चहा कुठे पिणार?"

मला सुरुवातीला हसू येई. वकिलीची सनद घेऊन मी नुकताच त्यांच्याकडे लागलो होतो. तालुक्याच्या शाळेत शिकलेला. घरात माझ्याआधी सगळे अंगठा उठवणारे. कायद्याची कलमं मात्र पाठ. बाई म्हणाल्या, "कलम राहू दे रे. जो समजून घर सोडतो त्याला आपण उद्या कुठे असणार ते ठाऊक असतं. लेकीकडे, गावी, भाड्याच्या जागेत. ज्याला फसवून आणलंय, त्याला प्रश्नच कळत नाही."

कुणी अंगठा उठवला, की त्याची शाई बाई स्वतः खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसत. माझे वडील बाजारच्या दिवशी निळा अंगठा मुठीत लपवून घरी येत. बाईंना ती शाई पुसताना पाहिलं, तेव्हापासून मी त्यांचा झालो.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे मंडळी जमत. मसुदे करणारे वकील, आर्किटेक्ट, बँकेसाठी घराची किंमत काढणारे गृहस्थ आणि दळवी एजंट. कामं एकमेकांकडूनच यायची. बाईंना ऑफिसची जागाही दळवींनीच भाड्याने मिळवून दिली होती. गणपतीत त्यांच्या घरचे मोदक न चुकता येत. बाई म्हणत, "आपण एकमेकांवर विश्वास ठेवायचाच. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी सही करायची नाही." दळवी हसायचे. "मॅडम, तुमच्या चहापायी माझ्या पार्ट्या पळतील एक दिवस!"

"पळू देत हो. राहतील त्या आपल्या."

एकदा दळवींनी कांदिवलीच्या गावडेआजींना आणलं. बरोबर त्यांचा पुतण्या. इमारत पाडून नवी बांधायची होती. आजींच्या वतीने बिल्डरशी करार करायचा, घर रिकामं करून द्यायचं, सगळे अधिकार पुतण्याला, असं कुलमुखत्यारपत्र होतं. वकिलांनी मसुदा दळवींच्या शब्दावर केला होता, आर्किटेक्टने वकिलांच्या मसुद्यावर होकार दिला होता. आजींशी बोललं कुणीच नव्हतं. बाईंनी दार लावलं आणि प्रश्न विचारला.

"खंय म्हणजे? माझ्या घराक," आजी म्हणाल्या. "खिडकेत बसान पितंय मी."

"आणि हा कागद कसला आहे, आजी?"

"पेन्शनचो. पुतणो म्हणता."

बाईंनी शिक्का खणात ठेवला. पुतण्या आजींना दंडाला धरून घेऊन गेला. दळवी मागे थांबले. आवाज नेहमीसारखाच गोड. "मॅडम, ह्या लाईनीत एकटं राहून चालत नाही."

पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. एका सकाळी आम्ही पोहोचलो, तर शटरला आमच्या कुलपाच्या वर दुसरं, नवंकोरं कुलूप होतं. बाईंनी ते एकदा ओढून पाहिलं. मग पर्समधून तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. आत काही राहिलं असेल तर राहू दे." त्या मिरजेला बहिणीकडे गेल्या आणि वर्षाच्या आत तिथेच वारल्या.

मी आता अंधेरीत एका वकिलांच्या ऑफिसात आहे. पाडायच्या इमारतींमधल्या सभासदांचे कागद तपासून सही करायची, हे माझं काम. गेल्या महिन्यात गावडेआजींची फाइल आली. तेच कुलमुखत्यारपत्र, शिक्का दुसऱ्याच कुणा लांबच्या नोटरीचा. पुढे शनिवारच्या त्याच मंडळींच्या सह्या, एकीखाली एक. माझीच राहिली होती.

मी कांदिवलीला गेलो. आजींच्या दाराला जुन्या कुलपाच्या वर नवंकोरं कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पुतण्या गावी घेऊन गेला म्हणे." मग आवाज खाली आणून, "पण गावचं घर तर केव्हाच पडलंय ना त्यांचं?"

त्याच दिवशी आजींचा शोध घ्यावा म्हणून पोलीस चौकीत अर्ज दिला. मग कागदावरच्या नंबरवर पुतण्याला फोन लावला. नाव सांगितलं आणि विचारलं, "आजी सध्या सकाळचा चहा कुठे पितात?"

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखं वाटलं. मग ओळखीचा गोड आवाज आला, "कसे आहात वकीलसाहेब? मॅडमनी काय शिकवलं, ते विसरा आता. ह्या लाईनीत एकटं राहून चालत नाही."

इमारतीला बाहेरून हिरवं कापड लागलं आहे. ऑफिसातून रोज विचारणा होते, एकाच सहीसाठी काम अडलंय. फाइल माझ्या टेबलावर आहे, शेजारी तेलाची बाटली. सहीच्या जागी मी लिहून ठेवलं आहे: आजींना समोर आणा.