आधी उचलून दाखव

अण्णाने एकावन्नाव्या वर्षी मोठी मोटारसायकल घेतली आणि चार महिन्यांत त्याचा गुडघा गेला. गाडीवरून पडून नव्हे. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पंपसेट दुरुस्त करतो. एका शेतावर पंपाच्या खड्ड्यात उतरताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरला आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. ऑपरेशन झालं. सहा महिने गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढचं पुढे बघू म्हणाले.

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आहे. खाली अण्णा आणि वहिनी, वर मी. गल्ली इतकी अरुंद, की ती गाडी दारात उभी केली की भाजीवाल्याला ढकलगाडी तिरपी करून न्यावी लागायची. साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची, पेट्रोल भरलं की दोनशे किलोंच्या वर. वहिनी तिला ‘म्हैस’ म्हणायची. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे बॅटरी उतरणार नाही, हे काम अण्णाने माझ्याकडे दिलं.

मी ओरत्तनाडूच्या कृषी कार्यालयात काम करते. रोज जाऊन-येऊन मोपेडवर. गिअरच्या गाडीचा परवाना मात्र कॉलेजात असल्यापासून होता. वडिलांची शंभर सीसीची गाडी मी तेव्हा सर्रास चालवायचे. दहा मिनिटं उभ्याउभ्या इंजिन ऐकायचं, हे तीन आठवडे केलं. चौथ्या आठवड्यात गाडीवर बसले. दोन्ही पायांचे चवडे टेकत होते, टाचा नाही. स्टँड काढला, गाडी एक बोटभर उजवीकडे कलली, आणि माझ्या मांडीला समजलं की आपण कशावर बसलोय. घाईने परत स्टँडवर घेतली. पण उतरल्यावरही सीटवरचा हात काढला नाही. मला ती चालवायची होती.

अण्णाला सांगितलं. तो खुर्चीत पाय लांब करून बसला होता.

“नको गे,” तो म्हणाला. “तुझ्या वजनाच्या चौपट आहे ती.”

“तुझ्या तिप्पट आहे. तू चालवत होतास की.”

“मी पडलो असतो तर मी उचलली असती. तू काय करशील? रस्त्यात उभी राहून मला फोन?”

दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. वहिनीने सांगितलं, की त्याला गाडीची काळजी नाही. आपण बसलेलो आणि दुसरं कोणी चालवतंय, हे त्याला सोसत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला खाली हाक मारली.

“आधी उचलून दाखव. मग बघू.”

त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं गावाबाहेर भात वाळवायचं सिमेंटचं अंगण होतं. कापणी संपली होती, अंगण रिकामं होतं. रविवारी सकाळी अण्णाच्या दुकानातला कारागीर गाडी तिथे घेऊन गेला, आम्ही दोघं रिक्षाने. अण्णाने काथ्याची जुनी गादी बरोबर आणली होती. कारागिराने आणि मी गाडी हळूच त्या गादीवर आडवी केली. चांगली उभी गाडी मुद्दाम पाडताना फार विचित्र वाटलं.

मी पुढून वाकले, हँडल धरलं आणि ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं, पाठीत कळ आली.

“तशी नाही उचलायची,” अण्णा कुबडी टेकत जवळ आला. “हँडल पूर्ण वळव. गिअरमध्ये ठेव, म्हणजे घसरणार नाही. आता तिच्याकडे पाठ कर. खाली बैस. कंबर सीटला टेकव. एक हात मुठीला, एक मागच्या सळईला. हातांनी ओढू नकोस, हात फक्त धरायला. पायांनी मागे मागे चाल.”

पहिल्या रविवारी ती वीतभर उठली आणि बसली. दुसऱ्या रविवारी गुडघ्यापर्यंत आली. मधल्या आठवड्यात मी माडीचे जिने पाण्याची घागर घेऊन चढत होते. वहिनीला वाटलं मोटर बिघडली. तिसऱ्या रविवारी गाडी उठली. सावकाश, माझी पावलं मागे पडतील तशी, आणि एका क्षणी तिचं वजनच नाहीसं झालं, कारण ती उभी होती. कारागिराने टाळी वाजवली. अण्णा फक्त म्हणाला, “स्टँड लाव आधी.”

मग शिकवणी सुरू झाली. अण्णाने नारळाच्या करवंट्या मांडून इंग्रजी आठचा आकडा केला. माझी समजूत होती की मोठी गाडी अवघड असते ती तिच्या ताकदीमुळे. ती त्याने पहिल्याच दिवशी काढून टाकली.

“पाच एचपीचा पंप माहीत आहे ना? तसे नऊ पंप आहेत हिच्यात. पण ते तुझ्या मुठीत आहेत. तू पिळशील तेवढेच चालतील. वजन मात्र सगळंच्या सगळं सदा आहे. ते बंद करता येत नाही.”

आणि वजन जाणवतं ते हळू चालताना. चाळीसच्या वेगात ती गाडी माझ्या मोपेडपेक्षा सरळ आणि शांत जायची. पायी चालायच्या वेगात मात्र तिला सारखं सांभाळावं लागायचं. क्लच अर्धा सोडून धरायचा, मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवायचा, आणि नजर चाकापुढे नाही, तर पुढच्या करवंटीच्याही पलीकडे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही. मी एकदा दाबला आणि गाडी तिथल्या तिथे उजवीकडे बसली. उचलली. टाकी काठोकाठ भरून आणली त्या दिवशी तर आठचा आकडा जमेचना. अण्णा हसला. पेट्रोलही वजनच, आणि ते वर असतं. निम्म्या टाकीवर शीक, म्हणाला.

वेगातलं वळण त्याहून निराळं. तिथे हँडल फिरवून गाडी वळत नाही. डावीकडे जायचं असेल तर डावी मूठ किंचित पुढे ढकलायची, की गाडी आपणहून डावीकडे कलते. हे मला तीनदा खोटं वाटलं. चौथ्यांदा करून बघितलं.

दोन महिन्यांनी मी ती कार्यालयात नेऊ लागले. मोपेडवर लागायचा त्याच्या निम्म्या वेळात पोचायचे, आणि खरं सांगायचं तर मला गर्व झाला. आमच्या कार्यालयात एक तरुण सहकारी आहे. त्याची गाडी दोनशे सीसीची, माझ्या गाडीपेक्षा साठेक किलो हलकी. एका सकाळी आम्ही दोघं भाताच्या किडीची पाहणी करायला एका गावी निघालो. सरळ रस्त्यावर मी मूठ पिळली आणि तो आरशात ठिपक्याएवढा झाला. मग कालव्याच्या बांधावरचा रस्ता लागला. एका बाजूला पाणी, एका बाजूला लावणी चाललेली शेतं, आणि दर दोनशे पावलांवर वळण. प्रत्येक वळणापाशी तो आरशात मोठा व्हायचा. तो थोडासा कलून निघून यायचा. मी आधी वेग कमी करायचे, कशीबशी वळायचे, परत मूठ पिळायचे. चौथ्या की पाचव्या वळणावर त्याला मागे ठेवायच्या नादात मी वेग कमी केलाच नाही.

समोर गावची बस होती.

मी वळणातच दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थांबली, बसच्या तोंडापासून दोन हात अलीकडे. थांबली म्हणून मी डावा पाय टेकवला, तर खाली जमीन नव्हती. बांधाचा उतार होता. पाय गेला, पाठोपाठ गाडी कलली, आणि एकदा त्या कोनाच्या पुढे गेल्यावर तिला धरणारी मी कोण! हात सोडून बाजूला उडी मारली. गाडी भाताच्या कडेला चिखलात आडवी झाली. मी इंजिन बंद केलं. हात-पाय चाचपले. कोपर सोललं होतं, बाकी ठीक.

सहकारी धावत आला. “मॅडम, लागलं का?” बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर उतरले. लावणी करणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चार माणसं गाडीकडे वाकली.

“थांबा,” मी म्हणाले. “मी उचलते. तुम्ही फक्त पलीकडे पडू देऊ नका.”

पाठ टेकवली, बसले, रेटा दिला. पाय चिखलात सरकले आणि मी बसकण मारली. बायका हसल्या. त्यांच्यातलीच एक वयस्क बाई बांधावर आली, रोपांच्या जुड्या ठेवलेलं गोणपाट ओढून तिने माझ्या पायांखाली अंथरलं आणि तमिळमध्ये म्हणाली, “आता रेट.” गाडी उठली. सहकाऱ्याने पलीकडून धरली. बसमधून कोणीतरी ओरडलं, कोणीतरी शिट्टी वाजवली. क्लचचा दांडा वाकला होता, डावा आरसा गेला होता. तशीच पाहणी केली आणि तशीच घरी आले.

अण्णाने आधी विचारलं, “इंजिन लगेच बंद केलंस?” मग वहिनीने त्याच्याकडे बघितलं, तेव्हा विचारलं, “लागलं का तुला?”

जेवताना मी सगळं सांगितलं, शर्यतीसकट. मला वाटलं तो किल्ली काढून घेईल. तो ताटात भात कालवत राहिला.

“त्या पोराची गाडी तुझ्याहून कमी ताकदीची,” तो म्हणाला, “पण त्या रस्त्यावर तीच बरी. तू हायवेवर त्याला हरव. बांधावर त्याला पुढे जाऊ दे. आणि ब्रेक वळणाआधी. जड गाडी थांबवायला लांबून सुरुवात करायची. मीही पहिल्या महिन्यात दोनदा पाडली होती.”

“कोठे?”

“ते राहू दे.”

वहिनीलाही हे नवीन होतं. तिने डाव हातात धरून त्याच्याकडे बघितलं.

सहा महिने झाले. अण्णा कुबडीशिवाय चालू लागला. डॉक्टरांनी अजून स्पष्ट ‘हो’ म्हटलं नव्हतं, तरी एका रविवारी तो म्हणाला, मला अंगणात ने. मागच्या सीटवर तो पहिल्यांदाच बसत होता. निघण्यापूर्वी त्याने स्वतः मागची स्प्रिंग दोन खुणा घट्ट केली, कारण दोन माणसांच्या वजनाने गाडी मागे बसते आणि पुढचं चाक हलकं पडतं. पहिल्याच वळणावर मी डावीकडे कलले आणि तो उजवीकडे. गाडी सरळच जायला बघत होती.

“अण्णा! माझ्याबरोबर कल. नाहीतर उतर.”

“सवय नाही,” तो म्हणाला. पुढच्या वळणापासून त्याने माझ्या खांद्यावरून बघायला सुरुवात केली आणि ते जमलं.

अंगणात तो गाडीवर बसला. मी डाव्या बाजूने, हात न लावता, बरोबर चालत राहिले. एक फेरी त्याने झकास मारली. क्लच त्याचा माझ्याहून कितीतरी मऊ आहे. मग तो थांबला. थांबताना वजन दुखऱ्या पायावर आलं, गुडघा लटपटला, आणि गाडी माझ्या अंगावर कलली. मी सीटला कंबर देऊन ती अडवली. दोघांनी मिळून सरळ केली.

तो उतरला, अंगणाच्या कडेच्या कट्ट्यावर जाऊन बसला. बराच वेळ त्याने गुडघा चोळला.

“चालवताना काही नाही होत,” तो शेवटी म्हणाला. “थांबवता येत नाही.”

“अजून तीन महिन्यांनी बघ.”

“नाही. पुरे.” आणि थोड्या वेळाने, “कागद तुझ्या नावावर करून घेऊ. उद्या सुट्टी काढ.”

परतताना तो पुन्हा मागे बसला. कालव्यापाशी आल्यावर त्याने माझ्या खांद्यावर टकटक केली. “वळण आहे. गिअर उतरव.”

मी आधीच उतरवला होता.